बाटलीवरच्या खुणा

"माझ्या लेकीची नळी कुणीतरी बंद करतंय!" आईने पर्स हेरबाईंच्या टेबलावर आपटली. "डॉक्टर म्हणतात, उद्या सकाळी छाती उघडायची. काहीतरी करा हो."

सहा वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला होता. फुप्फुसाभोवती पू साचला, म्हणून डाव्या बरगड्यांमधून नळी घालून ती पलंगाखालच्या बाटलीत सोडली होती. औषध अचूक, तरी ताप हटेना.

हेरबाई तडक हॉस्पिटलकडे निघाल्या. मागोमाग धापा टाकत त्यांचे दीर, भाऊजी.

बाटलीवर सिस्टरने रोजच्या पातळीच्या खुणा केल्या होत्या. सोमवार, बुधवार, गुरुवार जेमतेम हललेले. मंगळवार आणि शुक्रवार मात्र चांगले दोन बोटं वर.

"नळीला चिमटा मी लावलेला नाही," सिस्टर फणकारली. "दर दोन तासांनी येते. मी आले की ही शहाण्यासारखी उताणी होते."

"आणि पाठीवर डावीकडे हा लांबट लाल वळ?" बाईंनी विचारलं.

"चादरीची सुरकुती असेल."

"मंगळवार-शुक्रवार माझी सुट्टी," आई म्हणाली. "मी खिडकीजवळ बसते, तिच्या उजवीकडे. बाकी दिवस बाबा."

बाबा, म्हणजे मुलीचे आजोबा, पलंगाच्या डावीकडे, पायथ्याकडे तोंड केलेल्या खुर्चीत रंगात येऊन गोष्ट सांगत होते. बाईंनी त्यांच्या डावीकडून दोनदा हाक मारली. शेवटी खांद्याला हात लावला.

"या बाजूने बोला," ते दचकून हसले. "डावा कान कधीच कामातून गेलाय."

भाऊजींनी बाईंना बाजूला ओढलं. "वहिनी, म्हातारबुवाच! त्यांच्याच दिवशी बाटली अडते."

"दिवस बरोबर पकडलात. पण नळीला कुणी हातच लावलेला नाही."

बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "आजोबांना उजव्या कानानेच ऐकू येतं. नात त्या बाजूला हवी, म्हणून खुर्ची इथे. गोष्ट ऐकायला पोर डाव्या कुशीवर वळते आणि नळी अंगाखाली दबते. पाठीवरचा वळ त्या नळीचा. सिस्टर आल्या की ती उताणी होते, म्हणून कुणाला पत्ता नाही. आई उजवीकडे बसली की नळी मोकळी."

आजोबांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळेच..."

"नाही हो, बाबा." आईने त्यांचा हात घट्ट धरला. साऱ्या हॉस्पिटलवर संशय घेतल्याची तिला आता लाज वाटत होती.

खुर्ची पलंगाच्या उजवीकडे नेऊन उलटी फिरवली, म्हणजे चांगला कान पुन्हा नातीकडे. संध्याकाळपर्यंत बाटली तीन बोटं चढली, ताप उतरला. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडासमोर धरला.

"उद्याचं ऑपरेशन रद्द. नळीच काम करेल असं दिसतंय."

आईने पलंगावर डोकं टेकलं आणि ती मनसोक्त रडली. भाऊजीही उगाच चष्मा पुसत राहिले.

"आजोबा, पुढे काय झालं?"

"सांगतो. पण तू कुशीवर वळायचं नाहीस हं."

"मग तूच जवळ ये."

आजोबा खुर्ची सरकवून तिच्या उशीपाशी वाकले.