लवचीक पडद्याची साक्ष

पेटंट अपील न्यायाधिकरणाच्या प्रयोगशाळेत डॉ. अवंती रेगे खुर्चीत बसल्या, तेव्हा त्या चक्क खुशीत होत्या. चादरीसारखी घडी घालता येणारा लवचीक दीपपट, म्हणजे बारीक दिव्यांचा पडदा, हा त्यांचा शोध. पेटंट कार्यालयाने तो फेटाळला होता. कारण काय, तर ही युक्ती कुठल्याही अभियंत्याला सहज सुचली असती. अपील हरलं तर आयुष्यातलं एकमेव मोठं काम पाण्यात जाणार होतं.

"उत्तर ऐकल्यावर सगळ्यांनाच ते सोपं वाटतं," असा त्यांचा युक्तिवाद होता. "मला उत्तर विसरायला लावा आणि मग विचारा."

आता ते शक्य होतं. स्मृतितज्ज्ञ डॉ. मुकादम यांनी अध्यक्ष सुलभा खोत यांना समजावून सांगितलं, की स्मृतिरोधक यंत्र ठरावीक दिवसानंतरच्या आठवणी तासभर झाकतं. त्या तासात माणूस खरोखरच तेव्हाचा होतो आणि भानावर आल्यावर त्याला तो तास आठवत नाही.

युक्ती आठ वर्षांपूर्वी एका सकाळी सुचली, असं अवंतीबाईंनी शपथेवर सांगितलं होतं. त्यांना आदल्या रात्रीपर्यंत मागे नेलं. त्यांचे पती भार्गव, तेही दीपपटांचेच अभियंते, समोर बसले होते. सगळ्याचं चित्रमुद्रण सुरू होतं.

दिवे ठिसूळ असताना पडदा वाकवायचा कसा, असं अध्यक्षांनी विचारलं.

"दिवे वाकवायचेच नाहीत," अवंतीबाई लगेच म्हणाल्या. "ते सुटे ठेवून मधल्या तारा नागमोडी करायच्या."

म्हणजे युक्ती सहज सुचण्यासारखीच होती. पेटंट कार्यालयाच्या वकिलालाही आनंद करायचं सुचेना.

"हे तुम्हाला आत्ता सुचलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"छे, मघाशी जेवताना भार्गवनं सांगितलं. मी त्याला वेड्यातच काढलं. असलं काही चालत नाही, म्हटलं. बिचारा गप्प बसला."

अध्यक्षांच्या ध्यानात आलं. उत्तर ऐकूनही ज्या तज्ज्ञाला ते पटलं नाही, त्याला ते सहज सुचलं असतं असं कोण म्हणेल? अपील जिंकल्यातच जमा होतं. फक्त शोध अवंतीबाईंचा नव्हता, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मुकादम हळूच म्हणाले, की नवऱ्याचं वाक्य झोपेत मुरलं आणि सकाळी त्यांचं स्वतःचं झालं. नंतरची खात्री झाकल्यावर खरी आठवण वर आली.

भार्गव मान खाली घालून बसले होते. त्यांना आठ वर्षं सगळं माहीत होतं.

यंत्र काढलं. अवंतीबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे बघून हसल्या.

"नाही ना सुटलं मला?"

"नाही," भार्गव म्हणाले, आणि काही सांगू नका अशा अर्थानं अध्यक्षांकडे बघून त्यांनी हात जोडले.

अध्यक्षांनी त्या तासाचं चित्रमुद्रण लावायला सांगितलं.