पहिल्या नंबरची जागा

"पहिला नंबर! थेट पहिला नंबर!" ढब्बूने तंबूची पिशवी गवतावर आदळली.

"आमच्या बाबांनी शोधलीय," चिमणी ऐटीत म्हणाली.

'शहरापासून दोन तासांत' ही बाबांची सहलीच्या जागांची यादी हजारो लोक फोनवर बघत. म्हणूनच आत्या या पोरांना गाडीने इथे घेऊन आली होती. नदीकाठी आणखी चार तंबू होते.

"पण हे बघा!" ढब्बूची बहीण फटाकडी झाडाकडे बोट दाखवत होती. तिच्या डोक्याच्याही वर, फांद्यांत काटक्या, चिंध्या आणि एक चप्पल अडकली होती. "चप्पल झाडावर चढते होय?"

"पाण्याने आणली असणार. पण एवढ्या उंच?" चिमणी म्हणाली.

तिघं झुडपं धुंडाळू लागली. एका झुडपात एक पाटी पालथी पडली होती. ढब्बूने ती उलटवली. 'धोका! धरणाचे पाणी सोडल्यावर येथे पूर येतो. मुक्काम करू नये.' खाली फोन नंबर होता.

पाटीशेजारी एक फावडं होतं. त्याच्या लाल दांड्यावर चांदणीचं स्टिकर. ते चिमणीनेच चिकटवलं होतं. बाबांच्या गाडीतलं फावडं!

आत्याने फोन लावला. धरणावरचा पहारेकरी ओरडलाच, "तिथे माणसं आहेत? दरवाजे उघडलेत! पंधरा मिनिटांत पाणी पोचेल!"

आत्या गाडी वर काढायला धावली. पोरं तंबूंकडे पळाली.

"पूर? लख्ख ऊन पडलंय!" दाढीवाले काका हसले. "यादीत पहिली आहे ही जागा. जा, खेळा!"

"यांना सांगून उपयोग नाही," फटाकडी पुटपुटली आणि हात झाडत किंचाळत सुटली, "गांधीलमाश्या! पोळं फुटलं! पळा!"

ढब्बूने तर गडाबडा लोळण घेतली. मग काय विचारता! दाढीवाले काकाच सगळ्यांत पुढे. सगळे धापा टाकत टेकडीवर पोचले आणि खाली घोंघावत पाणी आलं. चारही तंबू पालापाचोळ्यासारखे वाहून गेले.

आत्याचा फोन मिळताच, संध्याकाळी बाबा धावत आले. त्यांनी चिमणीला घट्ट धरलं. तिने कानाशी विचारलं, "पाटी तुम्ही काढलीत?"

"फोटोत मधे येत होती गं," ते कुजबुजले. "परत लावायची राहूनच गेली. घरी बोलू."

तेवढ्यात पहारेकरी आला. त्याने तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास! तुमच्यामुळे एवढे जीव वाचले!"

"बाबांचं नाव काढलंस हो!" दाढीवाले काका चिमणीला म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही.

"पण तिथली धोक्याची पाटी उपटली कोणी?" पहारेकऱ्याने विचारलं.

बाबांची नजर चिमणीवर खिळली. 'माहीत नाही' म्हणून नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"माझ्या बाबांनी."

टाळ्या थांबल्या. बाबांनी गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं होतं. चिमणी त्यांच्याकडे न बघता आत्याच्या गाडीत, ढब्बू आणि फटाकडीच्या मधे जाऊन बसली.