निळा काठ

खिडकीबाहेर रोवलेला पांढरा पत्रा तांबूस झाला. त्याआधी काही मिनिटं त्याच्यावर निळसर उजेड पडायला हवा होता. तो पडला नाही.

डॉ. विभावरी ठोसर पत्र्याकडे पाहत राहिल्या. मागे जेवणघरात लोक टाळ्या वाजवत होते. पृथ्वीवरच्या युद्धात शहरं जळाली, काजळी आभाळात चढली, संदेश थांबले. त्यानंतर चांद्रवस्तीतल्या या नऊ जणांनी पाहिलेलं प्रत्येक ग्रहण काळंकुट्ट होतं. आज पहिल्यांदा लाल रंग परतला होता.

पृथ्वीवरून जे चंद्रग्रहण दिसतं, ते चंद्रावरून पाहिलं तर सूर्यग्रहण असतं. पृथ्वी सूर्याला झाकते, पण तिच्याभोवतीची हवा थोडा उजेड वाकवून चंद्राकडे पाठवते. दाट हवेतून येताना निळा उजेड वाटेतच विखुरतो, लाल तेवढा पोचतो. त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, त्या सगळ्या जागांचं मिळून एक लाल कडं दिसतं. वस्तीत त्याला संधिवलय म्हणत. कडं दिसलं म्हणजे काजळी खाली बसली, जमिनीवर ऊन पोचू लागलं.

वस्तीचं यान पृथ्वीवर एकदाच उतरू शकत होतं. पुन्हा वर येण्याइतकं इंधन नव्हतं. कधी उतरायचं हे सगळ्यांनी विभावरींवर सोपवलं होतं, आणि दर ग्रहणाला त्या म्हणत आल्या होत्या, पुढच्या वेळी पाहू. आता पुढची वेळ नव्हती. भाजीमळा सांभाळणाऱ्या केतकीला चौथा महिना होता. आणखी काही आठवड्यांनी उतरतानाचे धक्के तिला सोसले नसते. आणि मूल इथेच वाढलं, तर इथल्या हलक्या वजनाला सरावलेल्या त्याच्या हाडांना पृथ्वी कधीच पेलली नसती.

केतकी खिडकीशी आली.

"माझ्या आईनं आज मला अंधारात बसवलं असतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही. आणि मी सकाळपासून मुळे चिरतेय."

विभावरी हसल्या नाहीत.

"ताई, लाल झालं ना? मग तोंड का असं?"

विभावरींनी तिला शांतपणे समजावलं. कड्याच्या बाहेरच्या काठाचा उजेड उंचावरच्या विरळ हवेतून येतो. तिथे ओझोन असतो. तो तांबूस-पिवळा उजेड शोषून घेतो, निळसर तेवढा पुढे जाऊ देतो. म्हणून ग्रहण पूर्ण लागताना आणि सुटू लागताना निळी झाक दिसते. वर चढलेल्या काजळीनं ती हवा तापली आणि ओझोन संपला असेल, तर ऊन पोचेल, पण त्यातले घातक अतिनील किरण गाळले न जाता. त्यात पिकं करपतील, डोळे जातील.

"भरून येईल ना परत?"

"येईल. वीस वर्षं, कदाचित जास्त."

"आणि आत्ता खाली जे कोणी असतील ते?"

"दिवसा बाहेर पडत नसतील."

केतकी म्हणाली, "म्हणजे आई अंधारातच बसली असेल."

ग्रहण सुटू लागताना एकदा पुन्हा पाहायचं ठरवून दोघी तिथेच थांबल्या. जेवणघरात घरी गेल्यावर काय खायचं यावर वाद चालला होता. कुणी फणसाचं नाव काढलं, तर त्याला तुझ्या घरी फणस कापणार कोण म्हणून चिडवत होते. पत्र्यावरचा लाल रंग फिका होत गेला. काठाकडून पांढरं, टोकदार ऊन आलं. लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये निळं काहीच आलं नाही.

यानतळावरून सुहासचा आवाज आला. यान चालवणारा सुहास केतकीचा नवरा.

"ताई, टाक्या भरायला घेऊ?"

विभावरींनी केतकीकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होणार नाही."

"सुहास," विभावरी म्हणाल्या, "भरू नकोस. आपण परत जात नाही. बाळ इथेच होईल, आणि इथेच राहील."