दुसरी घंटा

"ताई, सही कर आणि मोकळी हो," असं म्हणत ओग्न्यानने वृद्धाश्रमाचे कागद इस्पितळातल्या पलंगावर, वडिलांच्या पांघरुणावरच पसरले, तेव्हा झ्लातिनाच्या काळजात चर्र झालं... पण त्याच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढेल तर ती झ्लातिना कसली! अकरा वर्षं गोर्ना ओर्याहोवित्सा गावातल्या दोन खोल्यांत तिने वडिलांची सेवा केली होती. त्याआधी, धाकट्याला व्हिएन्नाला शिकायला जाता यावं म्हणून स्वतःचं शिक्षण मुकाट्याने सोडलं होतं. त्या त्यागाचा तिने कधी उच्चारही केला नव्हता.

"बाबांना सगळं समजतं," ती म्हणाली.

"तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. न्यूमोनिया बरा झाला, पण माणूस हरवला. तू भिंतीशी बोलतेयस, ताई."

"मग आज कळेलच की."

आज तपासणी होती. डॉक्टर बेन्कोवांनी बाबांच्या, म्हाताऱ्या स्तामेनच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, हातात बटण दिलं. "आजोबा, बारीक टिकटिक चालू राहील. मध्येच जाडा आवाज आला की दाबायचं हं."

बारा मिनिटांत जाडा आवाज चाळीस वेळा आला. अंगठा एकदाही हलला नाही.

"झालं समाधान?" ओग्न्यान पुटपुटला.

डॉक्टर मात्र यंत्राच्या पडद्यावरून नजर काढेनात. "थांबा जरा. दर जाड्या आवाजाला यांच्या मेंदूत लाट उठलीय, अगदी शेवटच्यालासुद्धा. लक्ष कुठेच ढळलेलं नाही... मग दाबत का नाहीत?"

झ्लातिनाला क्षणात उमगलं. चौतीस वर्षं बाबा रेल्वेच्या फाटकावर होते. पहिल्या घंटेला नुसतं उठून उभं राहायचं, लगेच पाठोपाठ दुसरी झाल्याशिवाय फाटकाला हात लावायचा नाही. जो घाई करी त्याला ते सरळ गाढव म्हणत.

"डॉक्टर, तोच आवाज लागोपाठ दोनदा द्या," ती ठामपणे म्हणाली.

दिला. अंगठा खाली गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला... एकही सुटला नाही.

ओग्न्यानचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी इथे उभा राहून जे जे बोललो, ते..."

"सगळं ऐकलंय त्यांनी." तिने मुळीच दयामाया दाखवली नाही.

तो वडिलांच्या हातावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. "चुकलो, बाबा..." बऱ्याच वेळाने त्याने कागद गोळा करून पिशवीत कोंबले. "घरी नेऊ या यांना. दोन महिने रजा काढतो मी, काय काय करायचं ते तू सांग. आणि ताई... तू माझ्यासाठी काय सोडलंस, ते मला ठाऊक होतं गं. सोयीचं होतं म्हणून विसरलो."

भांडणाला ती कंबर कसून आली होती, त्याच्या प्रत्येक आरोपाला तिच्याकडे उत्तर तयार होतं... आता मात्र ती पलंगाच्या कठड्याला टेकली.

"मी फार दमलेय रे," ती म्हणाली. अकरा वर्षं हे वाक्य तिने ओठांआड दाबून ठेवलं होतं, कारण ते ऐकून कुणी बाबांना घराबाहेर काढलं असतं.

स्तामेनने पाय आखडून घेतले आणि पलंगावर तिला बसायला जागा केली.