पाचव्या गाण्यातली करंगळी

टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवताना तिनं एवढंच सांगितलं, "कॅसेट आत अडकलीय. ती वाचत नसेल, तर मशीन दुरुस्त केलं नाही तरी चालेल."

रेडिओवाल्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गल्लीत त्याला सगळे रेडिओवालाच म्हणायचे. दुकान इतकं चिंचोळं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला पोट आत घ्यावं लागायचं.

"म्हणजे आई गेली तरी चालेल, बाळ वाचवा," तो म्हणाला.

"तसंच समजा."

ती हसली नाही. समोरच्याला वाटलं असेल, फारच करारी बाई. तसं काही नव्हतं. हसायचं तिच्या हातून राहूनच गेलं होतं, घरातली एखादी खोली वापराविना बंद राहते तसं.

त्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं, चिमट्यानं गुंतलेली फीत हलक्या हातानं सोडवली आणि पेन्सिल घालून गुंडाळली. मग तपासायला म्हणून ती कॅसेट स्वतःच्या मशीनमध्ये सरकवली. बास गिटारचे दोन ठोके पडले... आणि त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"गंज! अहो, ही गंजची कॅसेट आहे! तुमची?"

"दादाची."

"तुमचा दादा गंज ऐकतो?"

"ऐकायचा," ती म्हणाली आणि बाहेर रस्त्याकडे पाहू लागली.

'गंज' ऐकणारी माणसं शोधायची म्हणजे दिवा घेऊन निघावं लागेल. चौघांचा बँड, जातकुळी पोस्ट-पंक. म्हणजे पंकवाल्यांची आरडाओरड संपल्यावर जो धुमसता राग उरतो, तो. बास पुढे, गिटार मागे कुरकुरत, आणि गाणारा गातोय की तक्रार नोंदवतोय हे कळू नये. काळाच्या पुढे असण्याचं जे फळ मिळतं ते त्यांनाही मिळालं, म्हणजे काहीच मिळालं नाही. वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर कुठलासा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि रिकामी वेळ भरायला यांना बोलावलं. दुपारची वेळ, थेट प्रक्षेपण. तेवढी एकच मैफल. पुढे बँड फुटला आणि कुणाच्या खिजगणतीतही राहिला नाही.

"ती मैफल पाहिलीत तुम्ही?" रेडिओवाल्याचे डोळे चमकत होते. "पाचवं गाणं आठवतं? गाता गाता तो मध्येच थांबतो... आणि नुसता उभा राहतो. कॅमेऱ्यात बघत. बाकीचे वाजवायचे थांबतात. टीव्हीवर, थेट, एक माणूस गप्प! मी सतरा वर्षांचा होतो. वडील जाऊन आठवडा झाला होता. घरात माणसंच माणसं आणि जो तो बोलतोय, मला शहाणपण शिकवतोय. आणि समोर हा पठ्ठ्या एक शब्द न बोलता उभा. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्यासारखा आहे. खरं सांगू? त्या दिवशी मी घरातून निघून जाणार होतो. परत न येण्यासाठी. नाही गेलो."

तेव्हाच सांगायला हवं होतं तिनं. तो गाणारा माझा दादा, एवढे चार शब्द. ओठांवर आलेही होते. पण वीस वर्षांत दादाबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. लोक बोलायचे ते 'अरेरे' नं सुरू करून 'नशीब' वर संपवायचे. हा माणूस मात्र दादाबद्दल दिमाखानं बोलत होता, आणि तिला ते आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.

"कधी मिळेल?" तिनं विचारलं.

"बेल्ट गेलाय याचा. मिळायला कठीण आहे हो तो. चकरा माराव्या लागतील."

बेल्ट त्याच्या पाठीमागच्याच डब्यात होता. पण असल्या वेळी खरं बोलायला रेडिओवाला काही संत नव्हता.

तिनं चकरा मारल्या. ती कवळ्या बनवायची. दोन गल्ल्या पलीकडे दंतवैद्यांसाठी काम करणारी प्रयोगशाळा होती. तिथं दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, दिव्यावर सुरी तापवून मेण गुळगुळीत करायचं. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याकडे यायची, बोटांना मेणाचा वास घेऊन.

"दिवसभर जगाला दात देता," तो एकदा म्हणाला, "आणि स्वतःचे कधी दाखवत नाही."

"फुकट दाखवत नाही."

"मग काय भाव आहे?"

"तुम्हाला परवडणार नाही. बेल्टसुद्धा मिळत नाही तुम्हाला."

तो ओशाळला आणि ती हसली. अगदी थोडं... पण हसली. त्या दिवशी परत जाताना तिला स्वतःचाच राग आला. घरी दादा खुर्चीत बसलेला असायचा. शेजारच्या काकू त्याच्याजवळ थांबायच्या म्हणून तिला कामावर तरी जाता यायचं. आधी बाबांचं झालं, मग दादाचं. सावकाश चालणारं दुखणं. पहिल्यांदा शब्द नेतं, मग हातपाय, मग उरलेलं. आईनं दोघांचं केलं आणि शेवटी थकून तीही वारली. आणि तिचं स्वतःचं? रक्ताची तपासणी केली की कळलं असतं. ती करत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, असेल किंवा नसेल, दोन्ही बाजू सारख्याच. अशा माणसानं कुणाच्या दुकानात हसायला जाऊ नये, असं तिचं मत होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

"रविवारी दुपारी या," एक दिवस तो म्हणाला. "न्हाव्याच्या दुकानात. आम्ही गंजवाले तिथं जमतो. आमच्याकडे ती मैफल आहे. व्हिडिओवर."

तिचा हात काउंटरवरच थबकला. ती मैफल आईनं घरात कधी येऊच दिली नव्हती. दादाला स्वतःच्या पायांवर उभा असलेला पाहायचा... पुन्हा...

"येईन," ती म्हणाली.

न्हाव्याचं शटर अर्धं खाली होतं. आत तीन फिरत्या खुर्च्या, आरशांच्या कडेला टीव्ही. गंजवाले म्हणजे तरी किती? खुद्द न्हावी, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई, रुग्णवाहिका चालवणारा एक जाडजूड माणूस आणि रेडिओवाला. पण भांडायला चौघं पुष्कळ झाले.

"गिटार लाल होती," न्हावी म्हणाला.

"तपकिरी," बाई म्हणाल्या. "तुमचा टीव्ही लाल दाखवतो. माणसंही लालच दिसतात त्यात."

"ती शांतता आधी ठरवलेली होती की नाही, ते सांगा."

"शंभर टक्के! असं काय आपोआप होतं का? आणि तो हात? बाजूनं पाण्याचा ग्लास घेऊन एक हात येतो आणि हा घेत नाही! जग पाणी देतंय आणि कलावंत म्हणतोय, नको तुमचं पाणी. कसली कल्पना आहे, वा!"

"आणि ती वाकडी करंगळी," रुग्णवाहिकावाला हळूच म्हणाला. त्या करंगळीवर त्याचा फार जीव असावा.

तिनं मांडीवरचा हात मिटला. ती करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती. ती टीव्हीवर दिसली होती, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. तिनं रेडिओवाल्याकडे पाहिलं. तो मात्र तिच्याकडे असा पाहत होता, जणू वाढदिवसाची भेट कागदातून कधी बाहेर येते याची वाट बघतोय.

मैफल सुरू झाली. दादा आला. बारीक, ताठ, मनगटांपर्यंत बटणं लावलेला. तो चालत आला! एक गाणं, दुसरं, तिसरं... मग पाचवं सुरू झालं, दादा मध्येच थांबला, आणि त्या दुकानातले चौघंही उठून उभे राहिले.

त्यांची रीतच होती ती. शांतता सुरू झाली की उभं राहायचं. कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही, दादा पुन्हा गाईपर्यंत.

ती बसून राहिली. पडद्यावर दादाचं तोंड किंचित उघडं होतं. डोळे काहीतरी शोधत होते. डाव्या हाताचा अंगठा थरथरत होता. ते आजवर कुणाला दिसलं नव्हतं. ज्याच्या घरी तो थरथरता अंगठा आहे, त्यालाच ते दिसतं. मग बाजूनं एक लहान हात आला, ग्लास धरलेला, करंगळी वाकडी. विंगेतून आईनं ढकललं होतं तिला. जा, पाणी दे त्याला. आईला कळलं होतं. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.

"बंद करा ते," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. तिनं उठून टीव्ही बंद केला.

"तो माझा भाऊ आहे. आणि ही कला नाही. त्याला पुढचा शब्द सापडत नव्हता. ग्लास समोर होता आणि तो घ्यायचा कसा, हे त्याला सुचत नव्हतं. दुखण्याचा पहिला दिवस होता तो. आमच्या घरावर कुऱ्हाड पडली, आणि तुम्ही इथं दर रविवारी मानवंदना देता!"

न्हावी मट्कन खुर्चीत बसला. बाईंनी तोंडावर हात ठेवला. रेडिओवाला एवढंच म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी ओळखला होता हात. मला वाटलं... तुम्हाला आनंद होईल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"करंगळी माहीत होती. दुखणं नव्हतं."

एखाद्या गोष्टीवर जीव जडलेल्या माणसाचं हे असंच होतं. त्या गोष्टीनं दुसऱ्याला दुखेल, हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. पण हे त्या क्षणी तिला कोण सांगणार? शटरखालून वाकून ती निघून गेली.

त्यानंतर ती दुकानात फिरकली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसायची आणि तसाच बंद करायची. आठवण येत होती. रागही येत होता. आणि आठवण येते याचा जास्त राग येत होता.

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, प्रयोगशाळेतून पत्ता घेऊन तोच तिच्या घराच्या दारात उभा राहिला. काखेत टेपरेकॉर्डर.

"बेल्ट मिळाला," तो म्हणाला.

"कुठं?"

"डब्यात. पहिल्यापासून तिथंच होता."

तिनं दार अडवूनच धरलं. जे सांगायचं ते इथंच सांगून टाकावं, उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. "ऐका. बाबांना होतं, दादाला आहे. मलाही असू शकतं. मी तपासलेलं नाही, मला भीती वाटते. तुम्ही चांगले आहात. म्हणून सांगतेय, टेपरेकॉर्डर द्या आणि जा."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं टेपरेकॉर्डर या काखेतून त्या काखेत घेतला. मग म्हणाला, "एकदा त्यांना भेटून जाऊ? त्यांना सांगायचं राहिलंय, मी घरातून निघून गेलो नाही ते."

ती बाजूला झाली.

दादा खिडकीशी होता. मान एका अंगाला, छातीवर रुमाल, हात मांडीवर आपापले हलत होते. रेडिओवाल्यानं जवळ जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. वडील, ती दुपार, पाचवं गाणं. दादाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. टेपरेकॉर्डर लावला, बास वाजला, तरी नाही. चमत्कार गोष्टीत होतात. त्या खोलीत फक्त औषधाचा वास होता आणि टेबलावर निवलेलं सूप.

त्यानं टेप बंद केला. "येतो मी," तो म्हणाला आणि वळला.

तेवढ्यात दादाचं तोंड किंचित उघडलं. डोळे काहीतरी शोधू लागले. अंगठा थरथरला.

"पाणी हवंय का, दादा? उशी?" ती सवयीनं पुढे झाली. दादाचे शब्द तीच पुरे करायची. काकूही करायच्या, डॉक्टरही करायचे. कुणाला एवढा वेळ होता? "पाणीच ना? आणते."

ती ग्लास भरून परत आली आणि दारातच थांबली.

रेडिओवाला दादासमोर उभा होता. ताठ, हात दोन्ही बाजूंना, डोळे दादाच्या डोळ्यांत. ना दया, ना घाई. तो अंदाज करत नव्हता, शब्द सुचवत नव्हता. शांतता सुरू झाली की उभं राहायचं आणि ती संपेपर्यंत हलायचं नाही, एवढंच त्याला येत होतं, आणि ते त्यानं सबंध तारुण्यभर केलं होतं. खिडकीतला उजेड विटत गेला. ग्लास धरून धरून तिचा हात अवघडला. दादाचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"ब..." दादा म्हणाला. बऱ्याच वेळानं, "बसा."

रेडिओवाला खुर्ची ओढून बसला.

तिला रडू फुटलं. दादा आल्यागेल्याला बसा म्हणायचा, हे ती विसरूनच गेली होती. त्याच्या मनात किती शब्द अर्ध्यावर पोचलेले असताना आपण 'पाणी, पाणी' करत त्याच्या तोंडात ग्लास कोंबला असेल?

डोळे पुसून ती रेडिओवाल्याच्या खुर्चीपाशी आली. "माझंही असं झालं तर?" तिनं अगदी हळू विचारलं. "मी अशीच अडकले तर... एका शब्दासाठी..."

"उभा राहीन."

"पाय दुखतील."

"मग बसेन. आताच परवानगी मिळालीय." तो हसला, पण डोळे भरले होते. "जाणार मात्र नाही. आणि तपासणी करायची की नाही ते तू ठरव. मी त्यासाठी थांबलेलो नाही."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण ते काही तिला जमलं नाही.

"दुरुस्तीचं राहिलं की," ती म्हणाली. "काय घेणार?"

"दात दाखव."

ती रडता रडता हसली आणि हातातलं पाणी त्याच्यापुढे धरलं. वीस वर्षं त्या ग्लासकडे तो लांबून पाहत आला होता. त्यानं दोन्ही हातांनी तो घेतला, करंगळीसकट, आणि करंगळी सोडायची त्याला घाई नव्हती.

दादा खिडकीबाहेर बघत होता. तिनं दिवा लावला आणि सूप पुन्हा गरम करायला ठेवलं.