खुशालीचा चौथा फोन

बारामती एमआयडीसीच्या कडेला, दुधाचे टँकर वळतात त्या रस्त्यावर मुलींचं एक तातडीचं निवारा केंद्र आहे. भाड्याचा बंगला, सहा खाटा आणि एक कुलूपबंद लोखंडी कपाट. घरातून पळालेली, ठरलेल्या लग्नातून उठून आलेली, एसटी स्टँडवर बसून राहिलेली पोरगी इथं आली की आधी तिला गरम जेवण मिळतं, प्रश्न नंतर. हा क्रम इथं काम करणाऱ्या रश्मीनं भांडून लावून घेतला होता. आधी तो उलटा होता.

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी मात्र तिच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. दोन दिवस ती घरी गेली नव्हती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. टेबलापलीकडे संस्थेचे अध्यक्ष अप्पा, निवृत्त मुख्याध्यापक, चहा बशीत ओतून फुंकर घालत बसले होते.

"खुशालीचा फोन लाव, पोरी, आन मोकळी हो. उद्या अकराला बालकल्याण समितीपुढं निकिताला घरी धाडायचा अहवाल ठेवायचाय."

"निकिता सतरा वर्षांची आहे, अप्पा. तिला घरी जायचं नाहीये."

"सतराव्या वर्षी कुणाला काय कळतंय? चुलत्यानं लिहून दिलंय, लग्नाचा विषय काढणार न्हाय म्हणून. आन तिची थोरली बहीण सोनल? तीबी हितंच होती की. मी समजूत घालून धाडली. नांदतीय न्हवं सासरी? तूच लिहिलंयस. तीनदा."

समजूत घालायची या माणसांना भारी हौस. समजूत नेहमी पोरीचीच घालायची, बापाची कधी नाही. हे सगळं रश्मीच्या जिभेवर आलं आणि तिथंच विरघळलं. कारण फाईलमधलं अक्षर तिचंच होतं. परत गेलेल्या मुलीला ठरावीक दिवसांनी फोन करून खुशाली विचारायची आणि छापील कागदावर शेरा मारायचा, अशी केंद्राची पद्धत. खरं तर गावी जाऊन भेटायचं असतं. पण बावीस मुलींमागं रश्मी एकटी आणि स्कूटीतलं पेट्रोल स्वतःचं. सोनलच्या कागदावर दिवाळीनंतर 'सुखरूप', संक्रांतीला 'सुखरूप', होळीला 'सुखरूप'. तिन्ही वेळा दोन मिनिटांचा फोन.

निकिता अकरा दिवसांपासून सांगत होती, "ताई, दिवाळीपासनं सोनलताई दिसली न्हाय. लगीन झालंच न्हाय तिचं. ती आदी कुठं हाय ते बघा." आणि रश्मी दर वेळी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "अगं, मी स्वतः बोललेय तिच्याशी." नव्या मुलीला पहिले पंधरा दिवस घरच्या कुणाशी फोनवर बोलू देत नाहीत, म्हणून दोघींचं बोलणं तिनं करून दिलं नव्हतं.

आज नियम गेला खड्ड्यात, असं रश्मीनं ठरवलं. तिनं निकिताला हाक मारून जवळ बसवलं, सोनलचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

तेवढ्यात वीज गेली. पंखा घरघरत थांबला. दारातून उकाडा आणि आंबूस दुधाचा वास आत आला. केंद्राच्या मावशी प्रयागबाई दिवा शोधायला लागल्या. काळोख्या खोलीत फोनची रिंग वाजत राहिली आणि थांबली.

"मी बरी हाय, ताई."

निकितानं रश्मीचं मनगट धरलं. आवाज तिच्या बहिणीचाच होता. त्यामागं पाण्याची एकसारखी खळखळ. मागच्या तिन्ही वेळी रश्मीनं ती ऐकली होती आणि रानात मोटार चालू असेल, असं समजून सोडून दिली होती.

"सोनल, जेवलीस का?"

"हितं गार हाय."

मागच्या वेळीही हेच. त्याआधीही. तेच शब्द, मध्ये तेवढंच थांबणं. ऐन होळीला ऊन तापलं होतं तेव्हाही हेच...

"बघ," अप्पा हळूच म्हणाले, "बरी हाय म्हणतीय. लिही."

"सोनल, निकिताला उद्या घरी पाठवतायत."

खळखळ थांबली.

"तिला धाडू नका, ताई... हितं दोघींना जागा न्हाय."

बशी अप्पांच्या हातातून टेबलावर आदळली. चहा सांडला, तो कुणी पुसला नाही. निकिता मोबाईलच्या उजेडात नंबरकडं बघत होती.

"ताई... ह्यो नंबर तुमी कुठनं लावला?"

"फाईलमध्ये आहे. सोनलनंच दिला होता."

"त्यो फोन माज्यापशी हुता. सोनलताई गेली तवा उशाखाली सापडला. मी हितं आले त्या दिशी मावशींनी काढून कपाटात ठेवला."

मुली आल्या की त्यांचे फोन नावाची चिठ्ठी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जातात. प्रयागबाईंनी कमरेची किल्ली काढली. तिसऱ्या खणात निकिताच्या नावाची पिशवी होती. आत बटणांचा जुना फोन होता. त्याचं मागचं झाकण नव्हतं, बॅटरीही नव्हती.

"बॅटरी?" रश्मीनं विचारलं.

"सापडला तवाच नव्हती, ताई."

टेबलावर रश्मीचा मोबाईल उजळलेलाच होता. बोलणं सुरू असल्याची मिनिटं पुढं सरकत होती. खळखळ पुन्हा ऐकू येत होती, आता जवळून.

छापील कागदावर 'सुखरूप आहे / नाही' एवढंच होतं. दुसरा प्रश्नच नव्हता. रश्मीनं मोबाईल तोंडाजवळ नेला.

"सोनल... तू कुठं आहेस?"

"लई दिसांनी इचारलंत, ताई."

आणि फोन कट झाला.

निकिता घरी गेली नाही. अहवाल अप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिला, एकच ओळ: थोरली बहीण बेपत्ता आहे, धाकटीला सोडू नये. लिहिताना त्यांनी कुणाची समजूत घातली नाही. रश्मीनं पोलिसांत तक्रार दिली. निकिताच्या गावी, सणसरला, तीन चकरा मारल्या. चुलता प्रत्येक वेळी वेगळ्या सासरचं नाव सांगत राहिला. गावाजवळच्या कालव्याला सोडलेलं पाण्याचं आवर्तन बंद होऊन तो आटल्यावर पोलिसांनी त्याचा तळही पाहिला. गाळात एक बांगडीसुद्धा सापडली नाही.

तो नंबर आता लागत नाही. रश्मी अजूनही दर पंधरा दिवसांनी लावून बघते. बाकीच्या एकवीस जणींना ती आता जाऊन भेटते. पेट्रोलची पावती अप्पांच्या टेबलावर ठेवते. ते सही करतात.

फोनची ती पिशवी पोलीस घेऊन गेले. कपाटाचा तिसरा खण रिकामा आहे. तरी सकाळी उघडला की त्यात ओंजळभर पाणी साचलेलं असतं. वर नळ नाही, भिंतीला ओल नाही. प्रयागबाई ते वाटीत निपटून घेतात. झाडांना घालत नाहीत, रस्त्यापलीकडे नेऊन ओततात.

एकदा रश्मीनं त्यात बोट बुडवून पाहिलं. बाहेर बेचाळीस अंश होतं.

पाणी गार होतं.