बोगद्यातला आडोसा

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर इथूनच मागे फिरा, माझं काही अडत नाही. भुतांच्या गोष्टी लिहून पोट भरणारा माणूस मी नाही. माझं पोट एका प्रयोगशाळेतल्या बोगद्यावर भरतं. घडलं तेही त्याच बोगद्यात, माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. भरदुपार होती. सगळे दिवे चालू होते.

आमचा बोगदा हवेचा. एका टोकाला घराएवढा उंच पंखा, मध्ये काचेची खोली. विमानाच्या भागांचे नमुने त्या खोलीत बसवायचे आणि वारा सोडायचा. खोलीच्या फरशीखाली एक काटा आहे. वारा समोरच्या वस्तूला किती जोराने मागे रेटतो, ते तो सांगतो. तो काटा सांभाळणं हे माझं काम.

विमानांचं काम रोडावलं तेव्हा साहेबांनी नवी टूम काढली. व्हीलचेअरच्या शर्यतीतले खेळाडू बोगद्यात बसवायचे. गाडीवर कसं वाकलं की वारा कमी लागतो, ते शोधायचं. जोडीला वरच्या मजल्यावरच्या रक्तवाल्या मॅडम. चाचणीच्या आधी आणि नंतर त्या रक्त काढायच्या. स्नायूंवर अती ताण पडला की ते फाटतात, त्यांतलं प्रथिन रक्तात उतरतं. फार उतरलं की किडन्या तुंबतात.

आणि माणूस जातो.

इंजिन तसाच गेला.

इंजिन म्हणजे ताईचा, माझ्या बहिणीचा, शर्यतीच्या सरावातला जोडीदार. दोघांच्याही कमरेखाली जीव नव्हता, पण दंड असे की दार उखडून हातात येईल. व्हीलचेअरच्या शर्यतीत एक जण पुढे राहून वारा अंगावर घेतो, दुसरा त्याच्या आडोशाला दम खातो. मग पाळी बदलते. पुढचा कोपर बाहेर काढतो आणि बाजूला होतो. मागचा पुढे येतो. हा पठ्ठ्या बहुतेक वेळ पुढेच असायचा, म्हणून इंजिन.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. साहेबांना मैदानावरचे सलग आकडे हवे होते. "अजून एक फेरी. अजून एकच." संध्याकाळी इंजिनला काळी लघवी झाली. आठवडा काही त्याने पाहिला नाही.

साहेब त्याच्या घरी जाऊन आले. फार वाईट वाटलं म्हणाले. आणि परत येऊन ताईला बोगद्यासाठी तारीख दिली.

मी म्हटलं, "ताई, नको बसूस. या माणसाला काळीज नाही."

"तुझं काळीज तू सांभाळ. मी बसणार."

ती बसली. तीन चाकांची लांब नाकाची गाडी, पोटात मुडपलेले पाय, गुडघ्यांवर टेकलेली छाती. हात हलवायचे नाहीत, नुसतं वाकून राहायचं. मी वारा सोडला. काटा चढायला लागला. चढला, ठरल्या जागी आला...

आणि खाली उतरला.

वारा तेवढाच होता. ताई हलली नव्हती. पण तिला लागणारा वारा निम्म्याच्या आसपास आला होता.

साहेबांनी टाळ्या पिटायचं तेवढं बाकी होतं. "बघितलंस? नवी बैठक! माझी कल्पना!"

मी काटा तपासला. चोख होता. ताईच्या जागी तिच्या मापाचा पुतळा बसवला. आकडा नेहमीचा.

पुन्हा ताई बसली.

काटा उतरला.

हा आकडा मी ओळखत होतो. दोन गाड्या एकामागे एक लावल्या की मागच्या गाडीचा येतो तो.

पण पुढे गाडी नव्हती. पुढे काहीच नव्हतं...

मी धुराची नळी काढली. वारा दिसावा म्हणून आम्ही बारीक धूर सोडतो. पांढऱ्या दोऱ्यासारखा सरळ वाहतो, वाटेत काही आलं की वळसा घालतो. मी धूर सोडला. दोरा सरळ निघाला. ताईच्या बराच आधी, मोकळ्या जागेत...

तो फाटला.

दोन्ही बाजूंनी वळला. वर एक गोल सोडला, डोक्याएवढा. खाली वाकलेल्या पाठीवरून घसरत मागे गेला.

साहेब आकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी मॅडम खाली आल्या, चेहरा पडलेला. "तुझ्या बहिणीने आज गाडी किती पळवली?"

"पळवली कुठे? नुसती बसून होती."

"मग हे प्रथिन कुठून आलं? शर्यत संपवून आलेल्या माणसाचं रक्त आहे हे. आणखी दोनदा असं झालं तर मी जबाबदार नाही."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रक्ताचा नमुना बदलला असेल." इंजिनचं रक्त बिघडलं तेव्हाही हेच वाक्य होतं. शब्दाला शब्द.

घरी मी ताईला धारेवर धरलं. ती तळहातांना मलम लावत बसली होती. दिवसभर चाक न फिरवता हातांना फोड आले होते.

"तुला दिसतो का तो?"

तिने मान हलवली. "पाठ दिसते. घामाने भिजलेली."

"ताई, तो मेला."

"माहीत आहे रे शहाण्या. खांदा मीच दिला असता, हात पोचले असते तर." हसली. मग हसू गेलं. "त्या दिवशी त्याने कोपर काढलं होतं. दोनदा. मी दमले होते. म्हटलं, ओढेल तो, त्याला काय होतंय... मी पुढे गेलेच नाही."

मलमाची डबी मी उचलून ठेवली.

"तो अजून ओढतोय. माझी पाळी बाकी आहे."

"फेऱ्या त्या साहेबाने वाढवल्या ना! त्याच्या मानगुटीवर बस म्हणावं!"

"साहेब कधी त्याच्या मागे होता?" ताई म्हणाली. "मागे मी होते."

पुढच्या चाचणीला मी दाराला कुलूप लावणार होतो. साहेबांनी किल्ली माझ्याकडून काढून घेतली. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आत गेली.

वारा सुरू झाला. काटा उतरला. मी धूर सोडला. तोच वळसा, तीच पाठ.

मग त्या पाठीच्या बाजूने धुराला एक टोक फुटलं...

कोपर.

ते बाहेर आलं, आत गेलं. पुन्हा बाहेर आलं. आणि तो सगळा आकार हळूहळू एका अंगाला सरकायला लागला.

काचेपलीकडे ताईने हात चाकांवर ठेवले.

मी पंखा बंद केला. साहेब ओरडले, काय ओरडले ते ऐकलं नाही. दार ढकलून आत घुसलो. एवढा मोठा पंखा लगेच थांबत नाही, वारा अजून घोंगावत होता. मी ताईला ओलांडून पुढे गेलो, धूर फाटत होता तिथे. वाऱ्याने मला उलथवायला हवं होतं.

छातीला झुळूकही लागली नाही.

माझ्यापुढे कुणीतरी होतं. घामाचा आणि रबराचा वास येत होता.

ताई किंचाळली, "हो बाजूला! ती माझी जागा आहे!"

"तिची पाळी मी घेतो," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. "ऐकू येतंय का? ती नाही येणार. मी येतो."



मग माझ्या उजव्या अंगाने चाकं गेली. रबराचा तो बारीक आवाज, पुढून मागे. आणि उरलासुरला वारा तोंडावर असा आदळला की मी गुडघ्यांवर आलो.

मागून ताई रडत म्हणाली, "तू काय केलंस रे... काय केलंस..."

त्या दिवसापासून ताईचे आकडे नेहमीसारखे झाले. रक्तही स्वच्छ. साहेबांची बैठक फसली. त्यांनी माझ्या काट्याला दोष दिला आणि दुसरा विषय धरला. त्यांना झोप लागते. मी विचारलंय, छान लागते.

मला लागते, पण उठतो तेव्हा खांदे पिळून निघालेले असतात. अंगठ्याच्या मुळाशी कातडी जाड झालीय. मॅडमनी परवा माझं रक्त घेतलं. कागद बघून चष्मा काढला.

"तू धावतोस का?"

"मॅडम, मी बस सुटली तर दुसरीची वाट बघतो."

त्या हसल्या नाहीत.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्याच पावली गाडी घेऊन बोगद्याच्या दारात उभी राहील. मोठ्या शर्यतीसाठी तिची निवड झाली आहे. कितीतरी दिवसांनी ती जेवताना बडबड करते. ती असली पानं वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. कुणी तिच्या ओळखीचं असेल तर कृपा करून तोंड बंद ठेवा.

काल आम्ही दोघं इमारतीच्या उतारावरून वर येत होतो. मी पुढे, ती मागे. मध्येच ती थांबली.

"पुढे सरक ना जरा."

मी वळलो. आमच्यामध्ये एक अख्खी गाडी मावेल एवढी जागा होती.

"सरकलोय की. ये ना."

ती खाली बघत होती. पुन्हा जोर लावला. चाक हललं नाही.

"येता येत नाहीये रे," ती म्हणाली. "पुढचं चाक कशाला तरी लागतंय..."

मी म्हटलं, खडा असेल.

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे, अंगठ्यांच्या मुळाशी.